दणका मोजा! गाडी बदलून रस्ता मऊ होत नाही



पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण महाड-पोलादपूर बाजूला ज्यांची रोजची जा-ये आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मागे मी आपल्या रस्त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्याखाली आपल्याच एका मित्राने लिहिलं, "दादा, रस्त्याच्या नावाने किती दिवस रडणार? गाडी बदल. मोठी घे, दणके लागत नाहीत." त्याला भराभर लाइकही पडले. मित्रा, तुझ्यावर राग नाही. पण तू जे लिहिलंस ती आपल्या सगळ्यांचीच समजूत आहे, आणि त्या समजुतीपायी मी स्वतःच्या खिशातले पैसे घालवलेत. म्हणून आज सविस्तर उत्तर देतोय.

आधी माझी गोष्ट.

आईला मणक्याचा त्रास आहे. दर महिन्या-दीड महिन्याने महाडला डॉक्टरकडे न्यावं लागतं. शिवथरपासून महाड म्हणजे तीस किलोमीटरच्या आसपास. आमची छोटी गाडी, सात वर्षं जुनी. आई पुढे बसते, कंबरेला पट्टा, पाठीमागे उशी. तक्रार करायचा तिचा स्वभाव नाही. पण मोरी आली, चर आला की तिचा हात दरवाज्यावरच्या हँडलला घट्ट आवळायचा, ते मला दिसायचं. घरी आलो की दोन दिवस आडवी. मग दोन वेळा तिने तपासणीची तारीखच चुकवली. "आता बरं वाटतंय, कशाला उगाच जायचं," म्हणाली. बरं काही वाटत नव्हतं. तिला तो रस्ता नको होता.

मग मी काय केलं? जे तुम्ही सगळे करता तेच. गाडीच्या मागे लागलो.

पहिल्यांदा स्प्रिंगमध्ये रबराचे बफर बसवले. दुकानदार म्हणाला, गाडी उचलली जाईल, खाली आपटणार नाही, एकदम मऊ चालेल. गाडी उचलली गेली हे खरं. मऊ काही झाली नाही, उलट आणखी कडक झाली. मग कोणी म्हणालं टायर बदला, तर पंधराच्या जागी सोळा इंची अलॉय घातले. गाडी दिसायला लागली झकास. आई म्हणाली, "पूर्वीचीच बरी होती रे."

शेवटी एका पंक्चरवाल्याने डोळे उघडले. हवा बघितली तर चारही चाकांत ४२. म्हणाला, "भाऊ, दरवाज्याच्या खांबावरचं स्टिकर कधी वाचलंय का?" वाचलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं ३३. म्हणजे सात वर्षं मी पाना-स्क्रू-रबर सगळीकडे हात घालत होतो आणि गाडीची पहिली स्प्रिंग, म्हणजे टायरमधली हवा, तिच्याकडे कधी बघितलंच नाही.

त्यानंतर बसून थोडं शिकलो. जे कळलं ते इथे देतो, म्हणजे तुमचे तरी पैसे वाचतील.

एक. हवा. रस्त्याचा दणका सगळ्यात आधी टायर झेलतो. हवा जास्त असेल तर टायर दगडासारखा होतो आणि बारीकसारीक खडीसुद्धा सीटमध्ये येते. आपल्याकडे 'चाळीस मार, मायलेज वाढतं' ही सवय आहे. ती सोडा. स्टिकरवरचा आकडा बघा, आणि तो थंड टायरचा असतो हे लक्षात ठेवा. तीस किलोमीटर पळवून आणलेल्या गाडीत हवा आपोआप दोन-चार पीएसआय चढलेली असते. पाच माणसं आणि सामान असेल तर मागच्या चाकांचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोही पाळा. आणि मऊ करायच्या नादात स्टिकरच्या खालीही जाऊ नका. खड्ड्यात टायरची बाजू रिमखाली चिरडते आणि टायर फुगतो किंवा फाटतो.

दोन. टायरची उंची. माझा टायर होता १७५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, जवळपास ११४ मिलिमीटर. मी घातला १९५/५० आर १६. त्याची बाजू साडेसत्त्याण्णव मिलिमीटर. म्हणजे दिखाव्यासाठी मी प्रत्येक चाकातून दीड सेंटिमीटरहून जास्त गादी काढून टाकली आणि तिथे लोखंडासारखं रिम बसवलं. वर त्याचे पैसे मोजले! शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर चालून जाईल. आपल्याकडे नाही. टायरवर शेवटचे चार आकडे असतात तेही बघा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर वाळून कडक झालेलं असतं.

तीन. शॉकअप आणि बुश. शॉकअप दणका झेलतो असं आपण म्हणतो, पण वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम स्प्रिंगची उडी थांबवायचं. गाडी एका गचक्यानंतर तीन-चार वेळा झुलत राहिली किंवा शॉकअपवर तेल गळालेलं दिसलं, तर शॉकअप गेला. आणि 'खटखट' आवाज येत असेल तर बहुतेक वेळा दोष छोट्या वस्तूंचा असतो: लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, वरचं माउंटिंग. शॉकअपची अख्खी जोडी बदलायच्या आधी मिस्त्रीला गाडी वर उचलून पानाने बुश हलवून बघायला सांगा. आणि ते रबरी बफर! स्प्रिंगचे वेढे दबू नयेत म्हणून मध्ये रबर घालायचं, म्हणजे स्प्रिंगला तिचं कामच करू द्यायचं नाही. त्याने गाडी मऊ कशी होणार?

चार. आपला पाय. वेग निम्मा केला की धक्क्यातली ताकद पाव होते. आणि खड्ड्याच्या आधी ब्रेक मारा, खड्ड्यात मारू नका. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली गेलेलं असतं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते, मग दणका थेट आत येतो.

मी बफर काढले, जुन्या मापाचे टायर घातले, हवा ३३ केली, दोन बुश बदलले. खर्च अलॉयच्या निम्म्यापेक्षाही कमी. फरक? भरपूर. निम्मे दणके गेले असं आईच म्हणाली.

आता खरा मुद्दा. उरलेले निम्मे कुणाचे?

मित्रा, तुझं उत्तर 'मोठी गाडी'. मोठ्या गाडीत बसून बघितलंय मी. चेसिसवर बांधलेली दणकट जीप रिकामी असली की छोट्या गाडीपेक्षा जास्त उडते, कारण तिच्या स्प्रिंगा आणि पाटे आठ-दहा माणसांच्या वजनाच्या हिशोबाने बनवलेले असतात. खड्ड्यात तिचं चाक तुटत नाही, एवढंच. गाडीला लागत नाही आणि आतल्या माणसाला लागत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि समजा एखादी वीस-पंचवीस लाखांची गाडी खरंच मऊ असेल. मग ज्याच्याकडे वीस लाख नाहीत त्याच्या आईने काय करायचं? एसटीने जायचं? एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेला माणूस काय सोसतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ती सीट मागच्या चाकांच्याही मागे असते, त्यामुळे चाक वीतभर उडालं तर ती सीट त्याहून जास्त उडते. तिथे कुठला शॉकअप बदलणार आहेस?

आणि रुग्णवाहिका? २०१४ पासून राज्यात १०८ ची सेवा आहे, गरोदर बायकांसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे. चांगली सोय आहे, अनेकांचे जीव वाचलेत. पण रुग्णवाहिका बहुतेक करून माल किंवा डझनभर प्रवासी न्यायच्या गाडीवर बांधलेली असते. आत एक रुग्ण, एक नातेवाईक, एक डॉक्टर. म्हणजे गाडी जवळपास रिकामी, आणि मागे कडक पाटे. त्यात स्ट्रेचरवर आडवी बाई, मांडीचं हाड मोडलेला म्हातारा, किंवा सलाईनची सुई टोचलेलं पोर. चालक हळू जावं तर उशीर होतो, जोरात जावं तर रुग्ण ओरडतो. त्या चालकाला सांग ना, गाडी बदल म्हणून!

दणका म्हणजे नाजूकपणाची तक्रार नव्हे. चालताना शरीर सेकंदाला दीड-दोन वेळा वर-खाली होतं, त्याची आपल्याला सवय असते. चांगल्या गाडीची स्प्रिंग साधारण त्याच्याच आसपास झुलते म्हणून ती सुखाची वाटते. पण सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे हिसके माणसाला सगळ्यात जास्त बाधतात. पोट आणि कणा त्याच तालावर हलायला लागतात. म्हणूनच ट्रक, ट्रॅक्टर आणि बसच्या चालकांना कंबरदुखी जडते. आपले विक्रम-मिनिडोरवाले, दूधवाले, एसटीचे चालक-वाहक यांना विचारा, पाठ कशी आहे.

कोणी म्हणेल, हे सगळं पैसेवाल्यांचे चोचले. त्याला एक उदाहरण देतो. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने १९४८ साली टू सीव्ही नावाची गाडी आणली. ती बनवताना साहेबाने इंजिनिअरना जी अट घातली होती ती प्रसिद्ध आहे: नांगरलेल्या शेतातून गाडी गेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत. गाडी कुणासाठी? शेतकऱ्यासाठी. सगळ्यात स्वस्त गाडी, पत्र्याचा डबा, पण सस्पेन्शन असं की भल्या भल्या गाड्यांना जमलं नाही. गरिबाच्या पाठीचा विचार करणं म्हणजे चोचले नव्हेत, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. आपल्याला अजून कळायचंय.

आता मी ज्यासाठी ही पोस्ट लिहिली ते.

आपण रस्त्याबद्दल बोलतो तेव्हा फक्त खड्ड्यांबद्दल बोलतो. खड्डा दिसतो, त्याचा फोटो निघतो, त्यात झाड लावून आंदोलन करता येतं. मग गणपतीच्या आधी खडी-डांबराचं ठिगळ मारलं जातं, फोटोतला खड्डा नाहीसा होतो, आणि ठिगळाचा उंचवटा राहतो. दणका तेवढाच. पण आता तक्रार कसली करणार? कागदोपत्री खड्डा भरला! नळपाणी योजनेचा चर खोदून वर माती ढकलली, तो खड्डा नाही. मोरीच्या दोन्ही बाजूंना भराव खचला, तो खड्डा नाही. दाराशी कुणीतरी हौसेने घातलेला पाऊणहात रुंदीचा गतिरोधक, तोही खड्डा नाही. आईच्या मणक्याला मात्र यातला फरक कळत नाही.

म्हणून मी म्हणतो, खड्डे मोजू नका. दणका मोजा. आणि दणका मोजता येतो, हे किती जणांना माहीत आहे?

रस्त्याचा खडबडीतपणा मोजायचं यंत्र असतं, बम्प इंटिग्रेटर. एक चाक गाडीमागे जोडून ताशी ३२ किलोमीटर वेगाने नेतात आणि एका किलोमीटरमध्ये ते चाक एकूण किती मिलिमीटर उसळलं याची बेरीज काढतात. इंडियन रोड्स काँग्रेसने त्याची पट्टी ठरवून दिलेली आहे. साध्या कार्पेटच्या रस्त्याला किलोमीटरला ३००० मिलिमीटरच्या आत आकडा आला तर चांगला, ४००० च्या वर गेला तर वाईट. वरच्या दर्जाच्या डांबरी काँक्रीटला तर २००० च्या आत हवा आणि ३००० च्या वर गेला की वाईट. म्हणजे 'रस्ता बरा आहे की' आणि 'रस्त्याची वाट लागलीय' असं भांडत बसायची गरजच नाही. आकडा आहे. जगभर याचसाठी आयआरआय नावाचं एक माप वापरतात. ते जागतिक बँकेने १९८२ साली ब्राझीलमध्ये केलेल्या प्रयोगांतून आलं. ब्राझीलचे रस्ते तरी कुठे मखमलीचे होते? पण त्यांनी मोजायला सुरुवात केली.

गतिरोधकाचंही माप आहे. गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, म्हणजे बारा फूट, आणि फक्त १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ ने गाडी अलगद वर जाऊन अलगद उतरली पाहिजे. आता टेप घ्या आणि आपल्या वाटेवरचे गतिरोधक मोजा. एक जरी बारा फुटांचा निघाला तर मला कळवा, मी नारळ घेऊन येतो.

लगेच तीन आक्षेप येतील. उत्तरं आधीच देऊन ठेवतो.

पहिला: "आपल्याकडे पाऊस किती! डांबर टिकणारच नाही." पाऊस काल पडायला लागला का? समर्थ घळीत राहिले तेव्हाही धबधबा कोसळतच होता. पाऊस माहीत आहे म्हणूनच साइडपट्टी, गटार आणि मोरी आधी करायची असते. डांबराला मारतं ते वरून पडणारं पाणी कमी आणि बाजूला तुंबून खालच्या थरात शिरणारं पाणी जास्त. गटार नसेल तर दर वर्षी नवं कार्पेट घाला, दर वर्षी वाहून जाईल. आणि मनात आणलं तर काय होतं हेही आपण याच मातीत पाहिलंय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल गेला, दोन एसटी आणि माणसं घेऊन गेला. ती रात्र इथला कोणी विसरणार नाही. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ ला खुला झाला. नदी तीच, पाऊस तोच. तेव्हा 'कोकणात जमत नाही' हे आम्हाला सांगू नका. माणसं मेल्यावर जमतं, तर आधी का जमत नाही, एवढंच सांगा.

दुसरा: "अवजड गाड्या रस्ता खराब करतात, त्याला कोण काय करणार?" करतातच. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये यावर मोठी चाचणी झाली होती. त्यातून निघालेला ठोकताळा असा की आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, सोळापट होते. म्हणजे एक जादा भरलेला डंपर पार गावभरच्या मोटारसायकलींपेक्षा जास्त रस्ता खातो. मग वजनकाटा लावा, जादा वजन पकडा, किंवा तो भार पेलेल असा रस्ता करा. डंपरची कमाई एकाची आणि कंबर सगळ्यांची, असं किती दिवस चालायचं?

तिसरा: "या खोऱ्यात लोकवस्ती किती, गाड्या किती? एवढा खर्च परवडेल का?" मी चौपदरी मागतच नाही. रुंदी आहे तेवढीच असू दे. वळणं आहेत तशीच असू देत. आहे तो रस्ता सपाट ठेवा, मोरीचा भराव दाबून घ्या, चर नीट बुजवा. याला नवा निधी लागत नाही, लक्ष लागतं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला तर पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. म्हणजे दुरुस्तीचे पैसे आपण आधीच दिलेले आहेत.

कायदाही अगदीच मुका नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आलं. ठरलेला दर्जा न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदाराला किंवा यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिला. चांगलं झालं. पण बघा, यासाठीही मरावं लागतं किंवा पडावं लागतं. जी बाई पडली नाही, मेली नाही, फक्त दर महिन्याला दणके सोसून शेवटी दवाखान्यातच जायची बंद झाली, तिची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये आहे? कुठेच नाही. म्हणून तो आकडा हवा.

तर काय करायचं? साधी तीन कामं.

१) या आठवड्यात आपल्या गाडीचं स्टिकर वाचा आणि हवा बरोबर करा. आपली बाजू आधी साफ करू, म्हणजे 'तुमचीच गाडी खराब' असं कोणी म्हणायला नको.

२) आपल्या वाटेवरचे दणके लिहून काढा. खड्डेच नव्हेत, मोऱ्या, चर, ठिगळं, गतिरोधक सगळं. किलोमीटरच्या दगडापासून किती अंतरावर, ते लिहा. रस्त्याच्या कडेला कामाचा फलक असेल तर त्याचा फोटो घ्या. काम कधी झालं आणि देखभाल कधीपर्यंत, ते त्यावर असतं.

३) रस्ता ज्या खात्याचा असेल त्या खात्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न दोनच विचारा: या रस्त्याचा खडबडीतपणा शेवटचा कधी मोजला? आकडा किती आला? बस्स. अर्जाचा मसुदा मी करून ठेवलाय. कसबे, कुंभे, आंबे, तिन्ही शिवथरच्या आणि खालच्या बिरवाडीपर्यंतच्या मंडळींनी आपापल्या रस्त्याचं नाव घालून सही करायची. कमेंटमध्ये 'अर्ज' लिहा, पाठवतो.

ग्रामसभेतही हाच प्रश्न विचारा. नेते मंडळी येतील, म्हणतील, "रस्ता मंजूर झालाय." आनंद आहे. हार घाला. पण हार घालताना विचारा, "साहेब, काम झाल्यावर आकडा किती येणार?"

पुढच्या महिन्यात आईला परत न्यायचंय. गाडीची हवा ३३ आहे, बुश नवे आहेत, मी मोरीवर गाडी पार पहिल्या गिअरला आणतो. माझ्याकडून जेवढं व्हायचं तेवढं झालंय. तरी तिचा हात हँडलकडे जातोच.

मित्रा, आता सांग, यापुढे गाडीत काय बदलू?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आकडा घेऊन या.